वहिनींनी तुम्हाला विचारलं, हे मित्राला सांगा

प्रश्न : मी रावेर तालुक्यातला केळी लावणारा शेतकरी. शाळेपासूनचा माझा मित्र शेजारच्या गल्लीत राहतो, शेतंही बांधाला बांध लागून आहेत. त्याच्या बायकोला स्तनाचा कॅन्सर आहे. मुंबईला ऑपरेशन, केमो सगळं झालं. आता तो यकृतात आणि हाडांत पसरलाय. डॉक्टर म्हणाले, यापुढे केमोचा उपयोग नाही, घरी न्या, दुखणं कमी ठेवू. मित्राने हे वहिनींना सांगितलेलं नाही. ‘अशक्तपणा आहे, टॉनिक चालू आहे’ असं सांगतो आणि आम्हालाही तसंच बोलायला लावतो. मुलगा पुण्याला इंजिनीअरिंगला आहे, त्यालाही कळवलेलं नाही. मी रोज जायचो. ‘काही लागलं तर सांग’ म्हटलं की ‘सगळं बरोबर आहे’ एवढंच उत्तर. परवा तो मेडिकलवर गेला असताना वहिनींनी विचारलं, ‘भाऊ, मी यातून उठत नाही ना? तुम्ही तरी खरं सांगा.’ मी चहाचा कप तसाच ठेवला आणि उठून आलो. तेव्हापासून त्या घरात पाऊल टाकवत नाही. काय करू?

उत्तर : भाऊ, आज संध्याकाळीच जा. तुम्ही जाणं थांबवलंत, यावरूनच वहिनी काय ते समजल्या असतील.

मी धुळे जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात सिस्टर होते. निवृत्तीनंतरही अशा पेशंटच्या घरी जाणं सुटलं नाही. पारोळ्याकडच्या एका घरी नवरा बायकोला ‘कावीळ आहे’ म्हणून सांगत होता. तो बाहेर ओट्यावर आणि मी आत तिची पाठ पुसतेय, तेव्हा ती मला हळूच म्हणाली, ‘माले समदं समजस सिस्टर, पन त्यास्ले वाईट वाटी म्हनीसन मी बोलत नही.’ तिने कोणती पैठणी कुठल्या लेकीला हे ठरवून ठेवलं होतं, बिशीचे पैसे कोणाकडून यायचे तेही सुनेला सांगून झालं होतं. आणि बाहेर नवरा मला विचारत होता, ‘तिला कळलं तर नाही ना?’ दोघं एका खोलीत झोपत होती आणि दोघंही एकमेकांपासून लपवत होती. तुमच्या मित्राच्या घरात आज हेच चाललंय असं मला वाटतं. स्वतःच्या अंगात काय चाललंय ते बाईला कळतं, भाऊ. कपडे ढिले होतात, पाहुणे दारातच आवाज खाली करतात, सासू एकाएकी गोड बोलू लागते.

पण वहिनींना तुम्ही परस्पर सांगू नका. ते नवऱ्याने आणि डॉक्टरांनी सांगायचं. तुमचं काम मित्राला एवढंच सांगायचं, की वहिनींनी विचारलंय. घरात नको, मळ्यात न्या. तो चिडेल, ‘तू काय सांगितलंस?’ म्हणेल. म्हणू द्या. काहीच सांगितलं नाही म्हणा आणि मग गप्प बसा. तो रडला तर ‘अरे, तूच खचलास तर कसं’ हे वाक्य तोंडातून काढू नका. आपल्याकडे ते फार पटकन निघतं, आणि माणूस तिथेच बंद होतो.

मग दोघं मिळून डॉक्टरांकडे जा. चांगला डॉक्टर एकदम सगळं ओतत नाही. आधी पेशंटला विचारतो, तुम्हाला काय वाटतंय, किती जाणून घ्यायचंय. वहिनी ‘मला नको, यांनाच सांगा’ म्हणाल्या, तर तेही मानायचं. पण विचारलंच नाही, असं होऊ नये. आणि तोवर वहिनींनी तुम्हाला पुन्हा विचारलं तर उठू नका. ‘वहिनी, तुम्हाला काय वाटतंय?’ एवढंच विचारा आणि ऐका. खोटी आशा देऊ नका, आकडेही सांगू नका.

आता दुखण्याचं. तुम्ही त्याबद्दल एक शब्द लिहिला नाही, पण हाडांतलं दुखणं रात्री झोपू देत नाही. मॉर्फिनच्या गोळ्या लिहून दिल्या असतील आणि ‘सवय लागेल’, ‘ते शेवटचं औषध’ म्हणून घरात पुडीतच पडून असतील, तर मित्राशी बोला. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या हिशेबाने घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागेल ही भीती धरू नका, आणि त्याने मरण जवळही येत नाही. साधी गोळी दर चार तासांनी, दुखणं वर यायच्या आधी द्यायची असते. पहिले काही दिवस गुंगी राहते. शौचाला मात्र हमखास घट्ट होते, म्हणून सोबत रोजचं पोट साफ ठेवायचं औषध लागतंच. 2014 साली अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाल्यापासून मान्यता असलेल्या दवाखान्यांना मॉर्फिन ठेवणं सोपं झालंय, तरी साध्या मेडिकलवर ते मिळत नाही. गोळ्या संपत आल्या की धावाधाव होते. ही जबाबदारी तुम्ही घ्या. कुठे मिळतं, कोणते कागद लागतात, हे आधी फोन करून विचारून ठेवा. एका जागी फार दुखत असेल तर रेडिएशनचा शेक एकदाच देऊनही पुष्कळांना आराम पडतो, तेही डॉक्टरांना विचारा.

‘काही लागलं तर सांग’ आता पुरे. त्याला काय लागतं हे तुमच्याइतकं कोणाला कळणार? रात्रीची लाईट असली की मोटर लावायला कोण जातं? तुम्ही जा. ठिबकचं खत, कापणीचा व्यापारी, वजनाच्या वेळी उभं राहणं हे त्याच्या सालदाराशी बोलून तुमच्याकडे घ्या. त्याला विचारत बसू नका, ‘पाण्याचं मी बघतो’ म्हणा आणि निघा. त्याला मोकळ्या झालेल्या रात्री वहिनींजवळ बसता आलं पाहिजे. मन रमवायला म्हणून त्याला चौकात घेऊन जायची घाई नको.

अंग पुसणं, कूस बदलणं, साडीऐवजी गाऊन घालणं या कामांत पुरुष अवघडतो आणि वहिनीही अवघडतात. तुमच्या घरच्या ताईंना सकाळी पाठवा. त्यांनी पाठीवर, माकडहाडापाशी लाली येतेय का तेवढं बघावं. डबा द्यायचा तर मऊ खिचडी, पातळ कढी द्या, आणि वहिनींनी दोन घास खाल्ले तर दोन. या अवस्थेत भूक जातेच. नवरा ‘खा गं, खा’ करत मागे लागतो, तिला ओकारी येते आणि दोघंही दुखावतात. मित्राला हे नीट समजावून सांगा. भेटायला येणाऱ्यांना ओट्यावर तुम्ही थांबवा, चहा तुमच्याकडे पाजा. ‘अमक्या गावचा वैद्य बरं करतो’ म्हणणाऱ्यांना आत जाऊच देऊ नका.

रात्री-अपरात्री मित्राचं किंवा तुमचं मन फार बिथरलं तर 14416 हा सरकारचा टेलि-मानसचा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

आणि मुलगा. सेमिस्टर संपायची वाट पाहू नका. आई बोलतेय, ओळखतेय, तोवर तो घरी आला पाहिजे. बापाच्याने फोन होत नसेल तर त्याला शेजारी बसवून तुम्ही लावा, आणि ‘आईला जरा बरं नाही’ असं न म्हणता आहे ते सांगा. पुण्याहून तो एकटा निघणार असेल तर भुसावळ स्टेशनवर त्याला घ्यायला तुम्ही स्वतः जा.