पायाखालची लादी गार का पडते? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी न्यू जर्सीत असते. तिने जुनं लाकडी घर घेतलंय. घराखाली माणूस रांगत जाईल एवढी पोकळी आहे, तिला तिकडे क्रॉल स्पेस म्हणतात. हिवाळ्यात हीटर चालू असूनही जमिनीवर पाय ठेववत नाही. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, गारवा अडवायला खालून फायबरग्लास (काचेच्या तंतूंचा कापूस) भरून टाकू. भरू द्यावं का? (मुलुंड)

आधी कुणाला तरी बॅटरी घेऊन त्या पोकळीत उतरू द्या. माती ओली आहे का, पूर्वी कुणी फायबरग्लास भरलं होतं का आणि ते आता खाली लोंबतंय का, हे बघायला सांगा. जुन्या घरांत बहुतेक वेळा ते लोंबत असतंच. ओल धरली की ते जड होतं, तुळयांमधून सुटतं, आणि नवं भरलं तरी त्याचंही तेच होतं.

गरम हवा वर चढते आणि छताच्या फटींतून निसटते. तिच्या जागी खालच्या पोकळीतली गार हवा घरात खेचली जाते. त्यामुळे पहिलं काम फटी बुजवण्याचं. पाइप आणि वायरी जिथून वर जातात ती भोकं, आणि लाकडी सांगाडा पायाच्या भिंतीवर टेकतो ती कड, या दोन जागा सोडायच्या नाहीत. दुसरं काम मातीवर जाड प्लास्टिक अंथरण्याचं. ते निदान 0.15 मिलिमीटरचं हवं, जोडावर फूटभर एकमेकांवर चढवून टेप लावलेलं, आणि कडेने भिंतीवर थोडं वर घेतलेलं.

इन्शुलेशन, म्हणजे गारवा अडवणारा थर, त्यानंतर, आणि त्यातही दोन वाटा आहेत. पोकळीचे झरोके उघडे ठेवायचे असतील तर तुळयांमध्ये भरायचं. पण ते वरच्या फळीला घट्ट चिकटलेलं हवं. मध्ये इंचभर जागा राहिली तर गार हवा तिथूनच फिरते आणि पैसे वाया जातात. शिवाय खालचे पाण्याचे पाइप मग जास्त गारठतात, त्यांना वेगळं गुंडाळावं लागतं. दुसरी वाट म्हणजे झरोके बंद करून पायाच्या भिंतींना आतून फोमचे बोर्ड लावायचे. न्यू जर्सीचा उन्हाळा दमट. उघड्या झरोक्यांतून ती दमट हवा गार तुळयांवर जाऊन बसते आणि लाकूड कुजतं. म्हणून माझा कल या दुसऱ्या वाटेकडे आहे. मात्र मग आत डीह्युमिडिफायर (हवेतली ओल काढणारं यंत्र) तरी लागतो, नाहीतर घरातली थोडी हवा खाली सोडावी लागते. वाळवी तपासता यावी म्हणून बोर्डाच्या वर भिंतीची पट्टी उघडी ठेवायची. त्या भागात जमिनीतून येणाऱ्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूचाही त्रास असतो, त्याची चाचणी आधी करून घ्यावी. आणि गॅसवरचा हीटर त्याच पोकळीत असेल, तर जाणकाराने बघितल्याशिवाय एकही झरोका बंद करू नये.

प्रश्न : आमचं घर तळमजल्यावर. जुलैमध्ये लादी इतकी ओली होते की आई दोनदा घसरली. सगळी लादी उखडून वॉटरप्रूफिंग करा, असा सल्ला मिळालाय. (गोरेगाव)

उखडायची घाई नको. दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा पुसून कोरड्या केलेल्या लादीवर ठेवा, चारही कडा टेपने बंद करा आणि दुसऱ्या दिवशी बघा. पाणी प्लास्टिकच्या वर असेल तर ते हवेतलं. खाली असेल तर जमिनीतलं.

हवेतलं असेल तर वॉटरप्रूफिंगने काडीचाही फरक पडणार नाही. बाहेर 29 अंश तापमान आणि 85 टक्के आर्द्रता असली, की साधारण 26 अंशांखालच्या कुठल्याही पृष्ठभागावर थेंब जमतात. जमिनीला टेकलेली लादी तेवढी गार सहज असते. अशा दिवशी खिडक्या सताड उघडून ओल्या फडक्याने लादी पुसली की त्यात भरच पडते. पंखा चालू ठेवा, एसी असेल तर ड्राय मोडवर लावा.

पाणी खालून येत असेल तर आधी चेंबर आणि मोरीचा पाइप गळतोय का ते बघा. मग बाहेर जाऊन जोतं बघा. मुंबईत रस्त्यावर थरावर थर चढत गेल्याने जुन्या इमारतींची जोती जमिनीत गेलीत. बाहेरचं पाणी भिंतीतून आत ओढलं जातं आणि लादीच्या कडेला पांढरा क्षार फुटतो. असं दिसलं तरच उखडा. आणि मग अर्धवट काम नको : ओली भरणी काढा, नवीन काँक्रीट घाला, त्यावर पाणी अडवणारा थर आणि मग लादी. नुसतं वरून केमिकल फासणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

प्रश्न : आमच्या खाली दवाखाना आहे, त्यांचा एसी दिवसभर चालतो. आमच्या हॉलची लादी गारठलेली असते आणि पावसाळ्यात तिला घाम फुटतो. वर लाकडी फ्लोअरिंग टाकू का? (दादर)

नको. स्लॅबचं काँक्रीट गारवा अडवत नाही. वर लाकूड किंवा गालिचा टाकलात तर पाय ऊबदार वाटतील, पण त्याखालची लादी आणखी गार होईल. घाम तिथेच फुटेल, दिसणार मात्र नाही. लाकूड फुगलं की कळेल.

इलाज खालून, स्लॅबच्या पोटाला. दवाखान्याच्या फॉल्स सीलिंगच्या वर बंद छिद्रांचा, आग सहज न पकडणारा फोम पोकळी न ठेवता चिकटवायला हवा. एसीची परतीची हवा त्याच पोकळीतून खेचली जात असेल तर तुमचा स्लॅब थेट गार हवेतच आहे. तिथे डक्ट, म्हणजे हवेची बंद नळी, टाकून घ्या म्हणावं. डॉक्टरांशी गोडीत बोला, तुमची लादी गार करायला त्यांचीच वीज जातेय.

प्रश्न : वडिलांचे गुडघे दुखतात, थंडीत संगमरवर सोसत नाही. लादीखाली हीटिंग बसवावं का? (विलेपार्ले)

मुंबईत? सांताक्रूझला आजवर नोंदलेलं सर्वांत कमी तापमान 7.4 अंश, तेही 22 जानेवारी 1962 ला. एरवी आपली थंडी चार दिवसांची. संगमरवर आणि लाकडी पाट एकाच तापमानाला असले तरी दगड पायातली ऊब भराभर ओढून घेतो, म्हणून तो जास्त गार लागतो. वडिलांच्या खुर्चीपासून बाथरूमपर्यंत जाड सतरंजीची पट्टी टाका, खाली रबराची जाळी घाला म्हणजे ती सरकणार नाही. मे संपता संपता ती उचलून ठेवा, नाहीतर पावसाळ्यात खालून बुरशी धरेल.