तिसऱ्या बॅचचे पैसे आहेत का?

प्रश्न : पाच वर्षं एका कंपनीच्या करारावर ६,००० ब्रॉयलर पाळतोय, नाशिक जिल्ह्यात. पिल्लं, खाद्य, औषध कंपनीचं; शेड, वीज, तूस, मजुरी माझी. किलोमागे ८ रुपये मिळतात. गेल्या महिन्यात माझ्याच शेडमधला माल कंपनीने ११० रुपयांनी विकला. पिल्लं स्वतः टाकली असती तर त्या एका बॅचला तीन लाख सुटले असते, वर्षाच्या सहा बॅचना अठरा लाख. माझी ५ लाखांची एफडी आहे, आईची ४ लाखांची, आणि सौ.च्या दागिन्यांवर ६ लाख मिळतील. शेडच्या कर्जाचे २ लाख बाकी आहेत. घर तीन एकर द्राक्षावर चालतं. भावाच्या जमिनीच्या गटात एक जुनी छोटी शेड रिकामी आहे. करार सोडून ओपनमध्ये, म्हणजे स्वतःची पिल्लं आणि स्वतःची विक्री, असा उतरू का?

उत्तर : नको. निदान ६,००० पक्ष्यांनी आणि या पंधरा लाखांवर तरी नको. का ते सांगतो, आणि काय करता येईल तेही.

आधी तुमचेच आकडे मांडू. पिल्लू ३५ रुपयांचं, म्हणजे २ लाख १० हजार. पाच टक्के मरतूक धरली तर ५,७०० पक्षी निघतात, सरासरी २.२ किलोने साडेबारा टन माल. तुमचा एफसीआर १.६ आहे, म्हणजे एक किलो वजनाला १.६ किलो खाद्य. ते २० टन होतं, ४० रुपयांनी ८ लाख. औषध-लस २४ हजार. तूस, वीज, मजुरी ३६ हजार. एका बॅचमध्ये १० लाख ७० हजार रुपये अडकतात आणि किलोला ८५ रुपये खर्च पडतो. दर ११० असेल तर तीन लाख सुटतात, हे तुमचं गणित बरोबर आहे. दर ७० असेल तर एक लाख नव्वद हजार जातात. ही ओळ तुमच्या पत्रात नाही. करारात तुमचे ३६ हजार वजा जाता बॅचला ६४ हजार हातात पडतात, दर ११० असो की ७०.

आता तो ७० येतो कुठून? ब्रॉयलरला हमीभाव नाही, वायदेबाजार नाही. आपल्याकडे कोंबडी बहुतेक जिवंतच विकली जाते, गोठवून साठवलेल्या मालाचा वाटा किरकोळ. मोठे उत्पादक रोजचा दर ठरवून जाहीर करतात, तो रात्री व्हॉट्सअॅपवर फिरतो, आणि सकाळी गाडी शेडवर आली की व्यापारी त्यातून चार-पाच रुपये खाली बोलतो. कांदा चाळीत ठेवता येतो, द्राक्षाचा बेदाणा करता येतो. बेचाळीस दिवसांच्या पक्ष्याचं काय करणार?

हे जरा जवळून बघू. पक्षी वजनात आला, पण दर पडलाय म्हणून तुम्ही थांबायचं ठरवलं. ५,७०० पक्षी रोज २०० ग्रॅमच्या हिशोबाने अकरा क्विंटल चाळीस किलो खाद्य खातात. झाले ४५,६०० रुपये. त्या दिवसात प्रत्येकाचं वजन साधारण ९० ग्रॅमने वाढतं, म्हणजे एकूण ५१३ किलो. नव्याने चढलेला प्रत्येक किलो तुम्हाला ८९ रुपयांना पडला आणि विकला जाणार ७० ला. एका दिवसाला पावणेदहा हजारांचा खड्डा. वरून मरतूक, आणि पक्षी अडीच किलोच्या पुढे गेला की दुकानदार नाक मुरडतो ते वेगळंच. व्यापाऱ्याला हे गणित तुमच्याइतकंच पाठ आहे. म्हणून तो म्हणतो, ‘दादा, परवा बघू.’

दर चढला की सगळेच पिल्लं टाकतात. हॅचरीवाले पिल्लाचा दर वाढवतात, तरी लोक घेतात. मग सहा आठवड्यांनी सगळ्यांचा माल एकदम बाहेर येतो आणि दर बसतो. पोळलेले लोक पुढची खेप टाकत नाहीत, पिल्लू स्वस्त होतं, माल कमी पडतो, दर पुन्हा उठतो. आषाढातल्या गटारीला मागणी आणि श्रावणात मंदी, नवरात्रात मंदी, मार्गशीर्षात गुरुवार, पुढे थर्टी फर्स्ट. हे कॅलेंडर सगळ्यांकडे टांगलेलं आहे. गटारीचा नेम धरून टाकलेलं पिल्लू म्हणूनच महाग पडतं. चार दिवस माल उशिरा निघाला की श्रावण लागलाच.

आणि माल फक्त तुमच्या तालुक्याशी स्पर्धा करत नाही. कर्नाटक-तेलंगणात पक्षी तुंबला की तिकडच्या गाड्या इकडे वळतात. खाद्याचंही तसंच. २०२१ च्या उन्हाळ्या-पावसाळ्यात सोयापेंड इतकी भडकली की ऑगस्टमध्ये केंद्राला १२ लाख टन जीएम (जनुकबदल केलेल्या सोयाबीनची) सोयापेंड आयात करू द्यावी लागली. मक्याला आता इथेनॉलवाल्यांचं गिऱ्हाईक आहे. करारात पक्ष्याचा दर आणि खाद्य, या दोन्हींची झळ कंपनी सोसते. तुमचे ८ रुपये कमी वाटतात कारण ती झळ तुमच्या अंगाला अजून लागलेली नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एका जोडप्याने २०१९ च्या डिसेंबरात करार सोडला. पहिली खेप फेब्रुवारीत निघाली. तेव्हा कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा मोबाइलवर फिरत होती, आणि पुढे काही ठिकाणी जिवंत पक्षी किलोला दहा रुपयांच्याही खाली गेला. लोकांनी पिल्लं पुरली. त्या दोघांना मीच आदल्या वर्षी ‘दर चांगले आहेत’ म्हणालो होतो, म्हणून ते चांगलं लक्षात आहे. खरं तर तेव्हा करारवाल्यांचंही सोपं नव्हतं, कंपन्यांनी पिल्लंच दिली नाहीत आणि शेड रिकाम्या राहिल्या. पण रिकाम्या शेडचं नुकसान आणि दहा लाखांचं नुकसान वेगळं. बर्ड फ्लूही आहेच, २००६ साली देशातला पहिला नवापूरलाच सापडला. सरकारी भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची. दहा तालुके पलीकडे रोग निघाला आणि तुमच्याकडे गिऱ्हाईक फिरकलं नाही, याची भरपाई कुणी देत नाही.

तर मुख्य मुद्दा. ओपनमध्ये वर्षाची सरासरी चांगली निघूही शकते. प्रश्न बॅचच्या क्रमाचा आहे. पहिल्या दोन ७० ला गेल्या असं धरा. पंधरा लाखांतून तीन लाख ऐंशी हजार गेले, उरले अकरा लाख वीस हजार. तिसऱ्या बॅचला १० लाख ७० हजार हवेत. उरतात ५० हजार. त्यातून सोन्याच्या कर्जाचं व्याज, शेडचा हप्ता, आणि व्यापाऱ्याकडे अडकलेली उधारी. म्हणजे कागदावर तिसरी बॅच बसते, प्रत्यक्षात तुम्ही ती टाकणार नाही. आणि दोन मंदीनंतरची तीच बॅच बहुधा कमावते, पिल्लू स्वस्त आणि दर चढता असतो. ज्याच्याकडे त्या दिवशी पैसे असतात तो ओपनमध्ये टिकतो. बाकीचे आपली मंदी भोगून दुसऱ्याची तेजी बघतात.

६,००० पक्ष्यांसाठी एक बॅच, दोन बॅचचा तोटा आणि घरखर्च-शेडच्या हप्त्यासाठी राखायचे अडीच लाख मिळून सतरा लाख लागतील, आणि तेही स्वतःचे. तुमचे स्वतःचे ५ आहेत. आईंची एफडी मी मोजतच नाही. तो त्यांच्या दवाखान्याचा पैसा आहे. दागिन्यांचं कर्ज मुदतीचं असतं, पक्ष्याच्या दराला मुदत नसते. बँकेचा लिलाव श्रावण बघून थांबत नाही.

पाच लाखांत काय बसतं? भावाच्या गटातली छोटी शेड. तिथे १,५०० पक्षी, त्यापेक्षा एकही जास्त नको. थोडं खाद्य थोडं महाग मिळतं, म्हणून किलोचा खर्च ९० धरा. सव्वाएकतीस क्विंटल मालाला २ लाख ८२ हजार, आणि ७० दराने दोन बॅचचा तोटा सव्वा लाख. चार लाख सात हजारांत तिसऱ्या बॅचसकट बसतं. मोठी शेड करारावर चालू ठेवा. मात्र आधी कंपनीला लेखी विचारा, कारण करारदाराने दुसरीकडे ओपन पक्षी ठेवलेले बऱ्याच कंपन्यांना चालत नाहीत (खाद्य तिकडे जाईल आणि रोग इकडे येईल ही त्यांची भीती, आणि ती खोटी नाही). नाही म्हणाले तर भावानेच करू दे, त्याच्या नावाने, त्याच्या माणसांनी.

या छोट्या शेडमध्ये तुम्हाला पक्षी पाळायला शिकायचं नाही, ते येतं. विकायला शिकायचं आहे. आसपासच्या पाच-सहा चिकनवाल्यांना रोज थोडा माल देता आला तर मोठ्या गाडीची वाट बघायला नको. वजनकाटा स्वतःचा ठेवा. उधारी एका खेपेच्या पुढे नेऊ नका.

करारातही थोडं उरलेलं आहे. बाजारदर ठरावीक रेषेच्या वर गेला तर विक्री प्रोत्साहन देण्याचं कलम काही करारांत असतं, तुमच्यात आहे का बघा. कंपनीने तुमच्या सहीचे कोरे चेक घेतले असतील तर किती, ते लिहून ठेवा. कधी बाहेर पडायचं झालं तर ते हातात आल्याशिवाय पुढचं पिल्लू टाकू नका. शेडच्या कर्जाचा हप्ता कंपनीच्या पेमेंटमधून परस्पर कापला जात असेल तर करार सोडताना बँकेलाही विचारावं लागेल.

आणखी दोन गोष्टी. ब्रॉयलरला पशुधन अभियानातून पन्नास टक्के अनुदान मिळतं असं कुणी सांगत असेल तर थांबा, ती योजना गावरान पद्धतीच्या पक्ष्यांच्या पैदास केंद्रासाठी आहे. आणि कोंबडीचं उत्पन्न आयकरात शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, द्राक्षाच्या वहीत ते मिसळू नका.

गेल्या सहा बॅचचे कंपनीचे हिशोबाचे कागद मला पाठवा. त्यात १.६ हा एफसीआर सहाही वेळा आहे की एकाच चांगल्या बॅचचा, ते मला बघायचंय. ओपनमध्ये तो १.७ झाला तर ६,००० पक्ष्यांमागे पन्नास हजार तिथेच जातात.