दीड वर्षाचं मूल कडू औषध थुंकून टाकतं, काय करावं?

पहिलं म्हणजे चमचा बाजूला ठेवा. मेडिकलमध्ये सुई नसलेली सिरिंज किंवा ड्रॉपर मिळतो, तो आणा. घरातल्या चमच्याने मापही चुकतं. मुलाला मांडीवर ताठ बसवा, सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि थोडं थोडं सोडा, मध्ये गिळू द्या. जिभेवर किंवा थेट घशात नको, ठसका लागतो. आणि आजी, मावशी कितीही म्हणोत, नाक दाबून, आडवं पाडून पाजू नका. औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं.

गार औषधाची चव कमी लागते. पण फ्रिजमध्ये ठेवायचं का, हे बाटलीवर वाचा. पाणी घालून तयार केलेली काही अँटिबायोटिक्स फ्रिजमध्येच ठेवावी लागतात, आणि सोलापूरच्या मे महिन्यात ओट्यावर ठेवून चालतच नाही.

दुधाच्या अख्ख्या बाटलीत मिसळू नका. अर्धी बाटली उरली तर किती डोस गेला कसं कळणार? शिवाय लोहाचं औषध दुधासोबत नीट शोषलं जात नाही. मिसळायचंच तर डॉक्टरांना विचारून चमचाभर आमरसात. मध वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही, तुमच्याला चालेल.

‘चॉकलेट आहे’ म्हणून फसवू नका, उद्या बाटली हाती लागली तर सगळी पिऊन टाकेल.

लगेच उलटी झाली तर मनाने दुसरा डोस देऊ नका, डॉक्टरांना फोन करा. तेव्हाच दुसऱ्या चवीचं औषध मिळतं का तेही विचारा, बऱ्याचदा मिळतं.