टेनेसीला गेल्यावर मुलाला तिथला ॲक्सेंट लागेल का, आणि तो लागू नये म्हणून काय करावे?

आपला मुलगा सहा वर्षांचा आहे, नोकरीनिमित्त आपण पुण्याहून अमेरिकेच्या दक्षिणेतील टेनेसी राज्यात जात आहात, आणि तिथले "खेडवळ इंग्रजी" त्याच्या तोंडी बसू नये यासाठी उपाय विचारत आहात. पहिल्या भागाचे उत्तर सोपे आहे: बहुधा लागेल. दुसऱ्या भागामागे जी समजूत आहे ती मात्र मला तशीच सोडवत नाही. टेनेसीच्या ईशान्य कोपऱ्यातील किंग्सपोर्ट या गावी माझी मुलगी लहानाची मोठी झाली, आणि याच समजुतीवरून आमच्या कुटुंबात एक वाद अनेक वर्षे धुमसतो आहे.

मुले उच्चार उचलतात ते मुख्यतः बरोबरीच्या मुलांकडून. आपल्या मुलाचे इंग्रजी घडणार ते वर्गात, शाळेच्या पिवळ्या बसमध्ये आणि मैदानावर. आपल्या घरातील पुणेरी इंग्रजीचा त्यावर फारसा परिणाम होणार नाही. अर्थात पालकांचा वाटा अगदीच शून्य नसतो. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांच्या विद्यार्थिनी आर्व्हिला पेन यांनी १९७०च्या दशकात फिलाडेल्फियाजवळच्या किंग ऑफ प्रशिया या उपनगरात परराज्यांतून येऊन राहिलेल्या कुटुंबांतील मुलांचा अभ्यास केला. लहान वयात तिथे आलेल्या मुलांनी तिथले बहुतेक स्वर सहज आत्मसात केले होते. पण 'मॅड', 'बॅड', 'ग्लॅड' यांतील स्वर ताणून म्हणायचा आणि 'सॅड', 'डॅड' यांतील तसाच ठेवायचा, हा फिलाडेल्फियाचा अवघड नेम ज्यांचे आईवडील मूळचे तिथलेच होते त्यांनाच पुरता साधला. सहाव्या वर्षी गेलेला आपला मुलगा जवळजवळ सगळे उचलेल, ते यामुळेच.

आमच्या भागात अठराव्या शतकात आयर्लंडच्या उत्तरेतील अल्स्टरहून आलेले स्कॉट्स-आयरिश लोक पेनसिल्व्हेनियातून दऱ्याखोऱ्यांच्या वाटेने खाली उतरून वसले, आणि तिथल्या बोलीत त्यांचा वाटा मोठा आहे. तिथे 'पेन' आणि 'पिन' यांचा उच्चार एकच होतो, म्हणून लिहायचे पेन मागताना लोक 'इंक पेन' म्हणतात. 'राइड'मधील 'आइ' दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी 'राऽड' असा सपाट होतो, पण या डोंगरांतील माणसे तो 'राइस' आणि 'राइट' यांतही सपाट करतात. 'आय माइट कुड' अशी दोन सहायक क्रियापदे ती एकापुढे एक ठेवतात, आणि त्यातून जी नम्र अनिश्चितता व्यक्त होते ती नुसत्या 'माइट'ने किंवा नुसत्या 'कुड'ने साधत नाही. माझी मुलगी हे सगळे शेजारच्या मुलांबरोबर खेळता खेळता शिकली, आणि आम्हाला त्यात वावगे काही वाटले नाही.

ती अकरावीत असताना गणपतीत आम्ही न्यू जर्सीला माझ्या थोरल्या दिरांकडे गेलो होतो. आरती झाली, पाने मांडायची होती, जाऊबाई मोठे पातेले उचलत होत्या, तेव्हा ती सहज म्हणाली, "आय माइट कुड कॅरी दॅट." तिच्या चुलत भावांनी ते वाक्य तिच्याच हेलात पुन्हा म्हणून दाखवले आणि सगळे हसले. तेवढ्यावर थांबले असते तर मीही सोडून दिले असते, कारण मुले एकमेकांना चिडवतातच. पण दीर माझ्या नवऱ्याला सगळ्यांच्या देखत म्हणाले, "अरे, हिला नीट इंग्रजी शिकव. एवढी हुशार मुलगी, पण तोंड उघडलं की लोक अडाणी समजतील. मुलाखतीला गेली तर दारातूनच परत पाठवतील." उच्चार सुधारून देणाऱ्या एका शिक्षकाचा फोन नंबरही त्यांनी लगेच काढून दिला. ती खाली मान घालून जेवली, आणि त्या घरी असेपर्यंत नंतर कोणाशीही इंग्रजीत बोलली नाही. जे बोलायचे ते माझ्याशी मराठीत. मी तिथेच सांगितले, "तिचं इंग्रजी नीटच आहे, ते टेनेसीचं आहे." दीर गप्प बसले, पण त्यांचे मत बदलले नाही, आणि आजही बदललेले नाही.

त्यांची कळकळ खरी होती, हे मला मान्य आहे. ते स्वतः सांगली जिल्ह्यातील एका लहान गावातून पुण्याला शिकायला आले, तेव्हा वसतिगृहात 'आनि', 'पानी' या उच्चारांवरून त्यांची टिंगल झाली होती, आणि त्यांनी एकाच वर्षात जीभ घासूनपुसून घेतली. ज्या टिंगलीने त्यांना छळले ती चुकीची होती असा निष्कर्ष त्यांनी काढायला हवा होता. त्यांनी काढला तो असा की टिंगल करणारे बरोबर होते. शिवाय त्यांच्या स्वतःच्या मुलांच्या 'कॉफी' आणि 'टॉक'मध्ये न्यूयॉर्क-न्यू जर्सीचा तो वर चढलेला, 'कोअफी'सारखा स्वर ठळक आहे. तो त्यांना कधी ऐकूच आला नाही, कारण त्यांच्या आजूबाजूला सगळे तसेच बोलतात. उच्चाराची ढब नसलेला माणूस अमेरिकेत नाही आणि जगातही नाही.

कोणता उच्चार शुद्ध आणि कोणता अडाणी, हे आवाजावरून ठरत नाही, तो कोणाचा आवाज आहे यावरून ठरते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या रेडिओवरील भाषणांत शब्दाच्या शेवटचा 'र' गळलेला ऐकू येतो, आणि त्या काळी न्यूयॉर्कच्या वरच्या वर्गात ते प्रतिष्ठेचे लक्षण होते. दुसऱ्या महायुद्धानंतर वारे फिरले. १९६२ साली लबॉव्ह यांनी मॅनहॅटनमधील सॅक्स, मेसीज आणि एस. क्लाइन या तीन दुकानांत विक्रेत्यांना असे प्रश्न विचारले की उत्तर 'फोर्थ फ्लोअर' हेच यावे. महागड्या सॅक्समध्ये 'र' सर्वाधिक उच्चारला गेला आणि स्वस्तातल्या क्लाइनमध्ये सर्वांत कमी. इंग्लंडमध्ये मात्र प्रतिष्ठित उच्चारात हाच 'र' आजही गळतो. माझ्या दिरांनी याचे उत्तर मला द्यावे.

त्याआधी, १९६१ साली, लबॉव्ह यांनी मॅसॅच्युसेट्स राज्याच्या किनाऱ्याजवळच्या मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर असे दाखवले की जे तरुण बेटावरच राहू इच्छित होते त्यांच्या बोलण्यात बेटाचे जुने स्वर अधिक ठळक होत चालले होते, आणि ज्यांना बाहेर जायचे होते त्यांच्या बोलण्यात ते फिके होते. आपण कोणाचे आहोत, हे माणूस उच्चारातून सांगत असतो. माझी मुलगी आज आमच्याच भागातील एका रुग्णालयात परिचारिका आहे. डोंगरातून आलेली म्हातारी माणसे तिला औषधांबद्दल जे खरे सांगतात ते इतरांना सांगत नाहीत, आणि बाहेरच्या शहरातील डॉक्टरांशी फोनवर बोलताना ती आपोआप दुसऱ्या ढबीत बोलते. हे तिला कोणत्याही शिक्षकाने शिकवलेले नाही. दिरांनी दिलेला नंबर आम्ही कधी फिरवला नाही.

आता काही गोष्टी प्रामाणिकपणे सांगायला हव्यात. उच्चारावरून भेदभाव होतो, आणि तो मोठा असतो. भाषाशास्त्रज्ञ डेनिस प्रेस्टन यांच्या अभ्यासांत मिशिगनच्या लोकांनी स्वतःचे इंग्रजी सर्वांत शुद्ध ठरवले आणि दक्षिणेचे तळाशी ठेवले. दुसरे भाषाशास्त्रज्ञ जॉन बॉ यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरात एकाच माणसाच्या तोंडून, वेगवेगळ्या ढबीत, भाड्याच्या घरांसाठी फोन केले, तेव्हा गोऱ्या वस्त्यांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन-अमेरिकन ढबीला घर पाहायला बोलावणी कमी आली. आमच्या मुलीला जे सोसावे लागले ते याच्या तुलनेत काहीच नाही. शिवाय आपण टेनेसीत नेमके कुठे जाणार हे लिहिलेले नाही. जिथे बाहेरची माणसे मोठ्या संख्येने येतात तिथे दक्षिणी ढब ओसरते. उत्तर कॅरोलिनातील रालीजवळ १९५९ साली रिसर्च ट्रँगल पार्क उभे राहिल्यावर तिथल्या नंतरच्या पिढ्यांत हेच झाले, आणि नॅशव्हिलच्या नव्या उपनगरांतही आपल्या मुलाच्या तोंडी 'यॉल' (म्हणजे 'तुम्ही सगळे') यापलीकडे फारसे काही न बसण्याची शक्यता आहे.

उपाय म्हणाल तर घरी मराठी बोला आणि त्याच्या इंग्रजीला हात लावू नका. लिहिताना 'पिन' आणि 'पेन'च्या स्पेलिंगची गल्लत झाली तर स्पेलिंग सुधारा, उच्चार नको. आणि एखादा काका किंवा मामा त्याच्या बोलण्यावर हसला, तर मुलाच्या देखत, त्याच क्षणी त्याला थांबवा. नंतर बाजूला घेऊन समजावलेले मुलाला ऐकू जात नाही.