सात बरोबर सात नाही

प्रिय दोस्ता,

प्रोग्रामिंगची पहिली भाषा कोणती शिकावी, हे विचारणारं तुझं पत्र आणि सोबतचा तक्ता मिळाला. नऊ भाषा, प्रत्येकीचे फायदे, तोटे, पगाराचे अंदाज, आणि शेवटचा 'निर्णय' हा रकाना कोरा. या तक्त्यात दोन महिने गेले म्हणतोस. तेवढ्या वेळात यातली कुठलीही एक बऱ्यापैकी हाताखालून गेली असती. रागावू नकोस, मी तर याहून वाईट केलंय. पहिल्याच वर्षी तीन भाषा धरल्या आणि सोडल्या. तिन्हींत पडद्यावर 'हॅलो वर्ल्ड' उमटवता यायचं, पण त्यापुढे काही नाही. एक ना धड भाराभर चिंध्या.

तुझ्या तक्त्यात एक रकाना राहिलाय: आपण चुकलो की ही भाषा आपल्याला काय सांगते? सुरुवातीचे सहा महिने तू लिहिणार त्यातलं बरंचसं पहिल्या फटक्यात चालणार नाही. म्हणून मला हाच रकाना सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

एक छोटा खेळ घे. संगणकाने मनात आकडा धरायचा आणि आपण ओळखायचा. जेमतेम वीस ओळींचं काम. समज, त्याने 7 धरलाय. तू पायथनमध्ये खेळ लिहिलास, चालवलास आणि 7 टाइप केलंस. उत्तर आलं, 'चूक'. पुन्हा 7, पुन्हा 'चूक'. धरलेला आकडा छापून बघितलास तर तिथेही 7 च. डोकं फिरतं. खरी गोष्ट अशी की कीबोर्डवरून आलेलं काहीही पायथनच्या लेखी मजकूर असतं, ज्याला स्ट्रिंग म्हणतात. तू दिलेला 7 हे अक्षर आहे आणि संगणकाने धरलेला 7 ही संख्या आहे. दोन्ही सारखे दिसतात, पण पायथन त्यांना एक मानत नाही. आलेला मजकूर 'इंट' या फंक्शनमधून (म्हणजे मजकुराची पूर्णांक संख्या करून देणाऱ्या तयार आज्ञेतून) काढलास की खेळ सुरळीत चालतो.

इथे पायथन गप्प बसली, हे मान्य. पण याच खेळात 'तुझा आकडा मोठा की लहान' हे सांगायची ओळ घातलीस की ती थांबते आणि सरळ सांगते: टाइपएरर, स्ट्रिंग आणि इंट यांच्यात ही तुलना होत नाही. वर ओळीचा क्रमांकही देते. नवख्या माणसाला याहून जास्त काय हवं?

आता हाच खेळ जावास्क्रिप्टमध्ये. ब्राउझरच्या प्रॉम्प्टमधून, म्हणजे उत्तर विचारणाऱ्या चौकटीतूनही मजकूरच येतो. पण बरोबरची दोन चिन्हं वापरून तुलना केलीस तर ती परस्पर मजकुराची संख्या करून घेते आणि म्हणते, बरोबर! पहिल्या दिवशी फार बरं वाटतं. पुढे तू दोन खेळाडूंचे आकडे एकमेकांशी ताडायला जातोस. दोन्हीकडे मजकूर, म्हणून तुलना अक्षरांच्या क्रमाने होते आणि 10 हा 9 पेक्षा लहान ठरतो. मजकुरातल्या 5 मध्ये संख्या 5 मिळवलीस तर 55 येतात, आणि त्याच 5 मधून 2 वजा केलेस तर मुकाट्याने 3. कुठेही तक्रार नाही. चूक आहे हेच कळायला दिवस जातो.

आणि सी? तिथे हा चल, म्हणजे किंमत ठेवायचा नाव दिलेला कप्पा, पूर्णांक आहे हे आधीच सांगावं लागतं, त्यामुळे सातचा हा घोळ होतच नाही. पण आकडा वाचून घेताना चलाच्या नावाआधी एक छोटं चिन्ह लागतं, कारण किंमत कुठे ठेवायची त्याचा पत्ता द्यायचा असतो. ते विसरलास आणि कंपायलरने, म्हणजे तुझा कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामने, दिलेला इशारा वाचला नाहीस, तर प्रोग्राम तयार होतो आणि चालवल्यावर बहुधा कोसळतो. पडद्यावर फक्त 'सेगमेंटेशन फॉल्ट', ना ओळ, ना कारण. मी एकदा या दोन शब्दांपुढे अख्खी संध्याकाळ बसले होते. तेव्हा शिकले पुष्कळ, पण ती माझी पहिलीच संध्याकाळ असती तर दुसरी आली नसती.

या भाषांचे स्वभाव वेगळे का, हे त्या कुणासाठी जन्मल्या त्यावरून कळतं. सी डेनिस रिची यांनी 1972 च्या सुमारास बेल लॅब्ज या अमेरिकन संशोधनसंस्थेत घडवली, आणि तिच्यातच पुढे युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने लिहिली गेली. वापरणारे यंत्र आतून ओळखणारे लोक होते, त्यांना हात धरून नेणारं कुणी नकोच होतं. जावास्क्रिप्टचा पहिला नमुना ब्रेंडन आइक यांनी 1995 मध्ये दहा दिवसांत उभा केला. वेब पानावर थोडी हालचाल करता यावी, एवढीच तेव्हाची अपेक्षा. पायथन 1991 मध्ये आली. तिचे कर्ते गिडो व्हान रॉसम त्याआधी एबीसी नावाच्या, शिकणाऱ्यांना सोपी जावी म्हणून बनवलेल्या भाषेवर काम करत होते, आणि तिथलं बरंच काही त्यांनी पायथनमध्ये आणलं. ही परंपरा जुनी आहे. विज्ञान न शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनाही संगणक वापरता यावा म्हणून अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात 1964 साली बेसिक ही भाषा आली, आणि मुलांसाठी 1967 साली लोगो. लोगोतलं रेघा ओढत फिरणारं कासव आजही पायथनसोबत 'टर्टल' या नावाने मिळतं. एकदा त्याच्याकडून चौकोन काढून घे. लूप म्हणजे काय, म्हणजे तेच काम पुन्हा पुन्हा कसं करून घ्यायचं, ते मी सांगण्यापेक्षा कासव लवकर सांगेल.

तर मनात नक्की काही नसेल, तर पायथन घे. पण मनात काही ठरलेलं असेल तर माझं ऐकू नकोस. ब्राउझरमध्ये हलणारं-बोलणारं पान करायची हौस असेल तर जावास्क्रिप्टच घे, वर सांगितलेल्या खोड्या माहीत ठेवून (तुलनेला तीन बरोबर चिन्हं वापर, निम्मी कटकट वाचेल). युनिटी या खेळ बनवायच्या साधनात खेळ करायचाय तर सी शार्प ही भाषा. धाकट्या बहिणीलाही शिकायचंय म्हणतोस, तिला स्क्रॅच, ही ठोकळे जोडून प्रोग्राम करायची मुलांची भाषा, उघडून दे आणि बाजूला हो.

पगाराचा रकाना मात्र खोडून टाक. तू नोकरी शोधशील तेव्हा बाजारात काय चालत असेल, ते आज कुणी सांगू शकत नाही. शिवाय भाषा स्वतःही बदलतात. पायथन 3 आली 2008 मध्ये, जुनीचा आधार 2020 मध्ये थांबला, आणि जुन्या कोडचे ढीग लोकांना बदलावे लागले. पण ज्यांना लूप, फंक्शन, यादी या गोष्टी पक्क्या कळल्या होत्या, त्यांना स्वतःला नवीन रूप शिकायला फार वेळ लागला नाही.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, एआय कोड लिहून देतोच की. देतो. आकडा ओळखायचा खेळ तर चुटकीसरशी देईल, तोही 'इंट' घालून. म्हणजे सात बरोबर सात नाही, हे तुला कधी दिसणारच नाही. निदान सुरुवातीला एरर आली की आधी स्वतः वाच. पायथनमध्ये ती खालून वर वाचायची. काय बिघडलं ते अगदी शेवटच्या ओळीत असतं, आणि कुठे बिघडलं ते तिच्या वर.

रविवारपर्यंत हा खेळ लिहून पाठव. चालत नसला तरी पाठव, किंबहुना तसाच जास्त आवडेल. फक्त एरर अख्खी, मजकूर म्हणून चिकटव. पडद्याचे तिरके फोटो काढून पाठवू नकोस, माझ्या चष्म्याला ते झेपत नाहीत.