वर्गात बसले की धडधड सुरू होते, आता शाळेतच जावंसं वाटंना

प्रश्न: ताई नमस्कार. मी 10वीला आहे, नांदेड जिल्ह्यातल्या एका खेड्यातून रोज एसटीनं तालुक्याच्या शाळेला येते. जुलैत भूमितीची चाचणी चालू होती तेव्हा एकदम छाती धडधडायला लागली, हाताला मुंग्या आल्या, श्वासच पुरंना, वाटलं आता मी इथंच मरते. बाईंनी घरी पाठवलं आणि घरी जाईस्तोवर सगळं ठीक झालं. मग प्रार्थनेच्या रांगेत तसंच झालं, एसटीत गर्दी असली की तसंच. डॉक्टरनं ईसीजी काढला, रक्त आणि थायरॉईड तपासलं, सगळं नॉर्मल म्हणाले. आजी म्हणते बाहेरचं आहे, अंगारा लावते, आता एका महाराजाकडं न्यायचं चाललंय. पप्पा म्हणतात अभ्यास नको म्हणून नाटकं करायली. मी आता लई वेळा घरीच राहते, कारण उद्या शाळा म्हटलं की रात्रीच पोटात गोळा येतो. बोर्डाच्या पेपरात असं झालं तर काय करू? मी वेडी व्हायले का?

उत्तर: नाही बाळा, तू वेडी होत नाहीस आणि त्या धडधडीनं मरणारही नाहीस. तपासण्या करून घेतल्या हे फार चांगलं केलं, कारण रक्त कमी असलं किंवा थायरॉईड बिघडलं तरी अशी धडधड होते आणि ते आधी बघायलाच पाहिजे. ते सगळं नॉर्मल आलंय आणि तू जे लिहिलंस त्यावरून हा पॅनिक अ‍ॅटॅक वाटतो. नक्की काय ते मानसोपचारतज्ज्ञच सांगतील, पण तोपर्यंत अंगात काय चालतं ते समजून घे, कारण ते कळलं की निम्मी भीती तिथंच उतरते.

समोर साप दिसला तर पळता यावं म्हणून शरीर अ‍ॅड्रेनालिन सोडतं, हृदय जोरात पळतं, श्वास भराभर चालतो, घाम फुटतो. तुझ्या वर्गात साप नाही पण मेंदूनं धोक्याची घंटा चुकून वाजवली आणि शरीर बिचारं खरं मानून कामाला लागलं. श्वास जास्त झाला की रक्तातला कार्बन डायऑक्साईड कमी होतो, त्यानंच मुंग्या येतात, गरगरतं, आणि गंमत बघ, श्वास जास्त चाललेला असतो तरी पुरत नाही असंच वाटतं. म्हणून त्या वेळी 'दीर्घ श्वास घे' असं कुणी म्हणालं तर मोठमोठे श्वास ओढू नकोस, त्यानं अजून वाढतं. नाकानं हळू 4 आकडे मोजत आत, आणि 6 मोजत बाहेर, बाहेर जाणारा श्वास लांब ठेवायचा एवढंच लक्षात ठेव. पाय जमिनीवर टेकव, बाकाचं लाकूड हातानं चाचप, समोर दिसणाऱ्या 5 वस्तूंची नावं मनात घे. अ‍ॅटॅक साधारण 10 मिनिटांत सगळ्यात वर चढतो आणि मग आपोआप उतरायला लागतो, बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. तू काहीच केलं नाहीस तरी उतरतो.

आता मला जे सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते. त्या दिवशी तुला घरी पाठवलं, बाईंनी काळजीपोटीच पाठवलं असणार, पण तुझ्या मेंदूनं काय शिकलं? की वर्गातून पळाले म्हणून वाचले. खरं तर तो अ‍ॅटॅक वर्गात बसूनही उतरला असता. पण आता वर्ग म्हणजे धोका हे डोक्यात पक्कं बसलं, मग प्रार्थना, मग एसटी, आणि आता रात्रीच पोटात गोळा. तुला शाळेची भीती नाहीये गं, तुला त्या अ‍ॅटॅकची भीती वाटते आणि ती भीतीच पुढचा अ‍ॅटॅक आणते. घरी राहिलीस की त्या दिवशी बरं वाटतं, पण दुसऱ्या दिवशी उंबरा ओलांडणं अजून अवघड होतं. म्हणून शाळा सोडू नकोस, लगेच पूर्ण दिवस जमत नसेल तर आधी पहिले 2 तास बस, मग मधल्या सुट्टीपर्यंत, असं वाढवत ने. ज्या बाई तुला जवळच्या वाटतात त्यांना आधीच सांगून ठेव की मला असं होतं, मी खूण केली की व्हरांड्यात 5 मिनिटं उभी राहीन, पाणी पिईन आणि परत वर्गात येईन. परत येणं महत्त्वाचं. धडधड पूर्ण थांबायची वाट बघू नकोस, धडधडत असतानाच येऊन बस.

बोर्डाचं म्हणशील तर हिशेब करून बघ. भूमितीचा पेपर 2 तासांचा, त्यात समजा अ‍ॅटॅक आला आणि 20 मिनिटं गेली, तरी 100 मिनिटं तुझ्या हातात आहेत, शिवाय आता बोर्ड शेवटी 10 मिनिटं वाढवून देतं. पेन खाली ठेव, श्वास मोज, उतरू दे, मग सोपा प्रश्न आधी घे. घरी वेळ लावून असा पेपर सोडवायची सवय कर, आणि जागरणं व त्यासाठीचा चहा कमी कर, झोप मोडली आणि चहा वाढला की धडधडीला निमित्तच मिळतं.

पुढचं पप्पांना वाचायला दे. दादा, नाटक करणारं लेकरू अंगाला घाम फोडून दाखवू शकत नाही हो. तिला ओरडलात तर ती सांगायचं बंद करेल, त्रास बंद होणार नाही. आजींच्या अंगाऱ्याला माझी हरकत नाही, त्यांची माया आहे ती, पण अंगाऱ्यावर थांबू नका. आणि महाराजाकडं तर मुळीच नेऊ नका. भूत उतरवायच्या नावाखाली मारणं, चटके देणं, मिरचीची धुरी देणं हा आपल्या राज्यात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि तसलं काही झालं तर आधीच घाबरलेली पोरगी किती घाबरेल विचार करा. नांदेडच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मानसोपचार विभागाची ओपीडी आहे, तिथं न्या. विचारांची पद्धत बदलायची जी थेरपी असते, सीबीटी म्हणतात, तिचा या आजारात चांगला उपयोग होतो, गोळ्या लागतील का ते डॉक्टर ठरवतील. मेडिकलवरून कुणाच्या सांगण्यानं झोपेची गोळी आणून देऊ नका, तिची सवय लागते. लगेच जाणं होत नसेल तर 14416 वर फोन लावा, टेलिमानस नावाची ही सरकारी सेवा 2022 पासून आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीत बोलता येतं. बाळा, हा नंबर तूही लावू शकतेस, आणि कधी जीव नकोसा वाटला तर अजिबात वाट न बघता लाव आणि घरात कुणालातरी लगेच सांग.

प्रश्न: मी बीड जिल्ह्यात हायस्कूलला शिक्षक आहे. 8वीतल्या एका मुलाचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला गेले, तो आजीजवळ आहे. तेव्हापासून वर्गात मधूनच त्याला कापरं भरतं, श्वास लागतो, बाकीची पोरं गोळा होतात. मी नेमकं काय करावं?

उत्तर: सर, आधी एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या. खेळताना छातीत दुखत असेल किंवा शुद्ध हरपत असेल तर उशीर न करता मोठ्या दवाखान्यात दाखवा. तसं काही नसेल तर त्या वेळी गर्दी हटवा, कांदा हुंगवणं, तोंडावर पाणी मारणं, नाकातोंडाला पिशवी लावणं यातलं काही करू नका. शेजारी बसा, खालच्या आवाजात 'मी इथंच आहे, हे उतरतं' एवढं म्हणा आणि तुम्हीच हळू श्वास घ्या, तुमचं बघून तोही तसाच श्वास घेईल. नंतर 'काय झालं होतं' म्हणून सगळ्यांसमोर विचारू नका, तास पुढं चालू ठेवा. शाळेत समुपदेशक नसेल तर मुख्याध्यापकांशी बोला, 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजसेवक पाहिजे असं सुप्रीम कोर्टानं जुलै 2025 मध्ये सांगितलंय. उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीन मुलांसाठीचं मैत्री क्लिनिक आहे का तेही विचारा.

पण या लेकराचं दुखणं मला दुसरीकडंच दिसतं. आईबाप सहा महिने कारखान्यावर, फडातल्या कोयत्याची काळजी, आजी थकलेली, आणि हे सगळं ते कुणाशी बोलत नाही. आईचा फोन रात्री दमून भागून येतो किंवा येतच नाही. तुम्ही मुकादमाच्या मार्फत आईशी बोला आणि आठवड्यातला एक वार, एक वेळ पक्की ठरवा, तुमच्या मोबाईलवरून त्याला बोलू द्या, शक्य असेल तर व्हिडिओ कॉल. त्या वेळी तुम्ही थोडं लांब जाऊन थांबा, त्याला आईजवळ रडायचं असेल तर रडता आलं पाहिजे.