कॉपीराइट शिकायचाय? आधी मूळ कायदा वाच

सुरुवातीलाच जाडजूड टीकाग्रंथ विकत घेऊ नकोस. १९५७चा कॉपीराइट कायदा, तोही नुसता बेअर अ‍ॅक्ट, म्हणजे भाष्याशिवायचा कायद्याचा मूळ मजकूर, पेन्सिल हातात घेऊन वाच. कलम १३, १४, १७ आणि ५२ पक्की झाली की बाकीचं आपोआप जागेवर बसतं.

मग १९७८चा आर. जी. आनंद निकाल घे, आणि तो मुळातूनच वाच, गाइडमधला सारांश नको. आपलं नाटक चित्रपटात उचललं, असा नाटककाराचा दावा होता. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. विषय एक असला तरी मांडणी वेगळी होती, आणि कल्पनेवर कुणाची मालकी नसते. न्यायालयाने दोन्ही कथानकं शेजारी ठेवून कशी तपासली, ते बारकाईने बघ. खरं शिक्षण तिथे आहे.

मुंबईत हा विषय रोज पोटापाण्याशी येऊन भिडतो. म्हणून कलम १९ मला फार महत्त्वाचं वाटतं. हक्क सोपवण्याचा करार लेखी आणि सहीचा लागतो. मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी लेखक-गीतकार निमूट सही करून मोकळे होतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एखादा करार मिळव आणि या कलमाशी ओळीनं ओळ ताडून बघ.

ट्रेडमार्क नंतर घे. त्याची रजिस्ट्री अँटॉप हिलला आहे. पेटंटची घाई नको. सवड मिळेल तेव्हा उच्च न्यायालयात जाऊन अंतरिम मनाईचे, म्हणजे अंतिम निकालापर्यंतच्या तात्पुरत्या मनाईचे युक्तिवाद मात्र जरूर ऐक.